आठवत नाही, पण चाचणी ‘नॉर्मल’

प्रश्न : माझे वय ६८ असून मी बँकेतून निवृत्त झाले आहे. मासुंदा तलावावर रोज भेटणाऱ्या मैत्रिणींची नावे हल्ली ऐन वेळी आठवत नाहीत, मोबाइल सतत शोधावा लागतो. डॉक्टरांनी घेतलेली स्मरणशक्तीची चाचणी नॉर्मल आली. मुलगा म्हणतो, ‘वय झालं की व्हायचंच.’ मला ते पटत नाही. मेंदूचा एमआरआय करून घ्यावा का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपली तक्रार वयावर ढकलून सोडून देणे योग्य नाही. चाचणी आपली तुलना समवयस्कांशी करते, आपण मात्र स्वतःची तुलना पूर्वीच्या स्वतःशी करता. आयुष्यभर हिशेबाचे काम केलेल्या व्यक्तीची थोडी घसरण चाचणीच्या गुणांत दिसतेच असे नाही. अशी तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूतील भाग सरासरीने किंचित लहान असल्याचे काही अभ्यासांत आढळले असून, पुढे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होण्याची शक्यताही त्यांच्यात तक्रार नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट असते. तरीही त्यांच्यापैकी बहुसंख्यांना तो होत नाही, हेही तितकेच खरे.

हा फरक शेकडो व्यक्तींच्या सरासरीतला आहे. हिप्पोकॅम्पस वयोमानानेही आकसतो, त्यामुळे एका व्यक्तीच्या एमआरआयच्या फिल्मवरून तिचे भवितव्य सांगता येत नाही. केवळ मनाच्या समाधानासाठी एमआरआय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. (‘वयानुसार बदल’ असा शेरा वाचून अधिकच धास्तावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.) चालण्यात बदल झाला, डोक्याला मार लागला किंवा विसराळूपणा काही महिन्यांतच झपाट्याने वाढला, तर गोष्ट वेगळी.

त्याआधी जीवनसत्त्व बी-१२ आणि थायरॉइड तपासावे, विशेषतः आपण शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही स्मृती मंदावते, म्हणून सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावीत. निवृत्तीनंतरची उदासी, अपुरी झोप आणि कमी ऐकू येणे यांचीही विचारपूस व्हायला हवी. नाव नीट ऐकूच आले नसेल, तर ते आठवणार कसे? रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवावी. तलावावरचे फिरणे मुळीच सोडू नये.

पुढच्या भेटीला मुलाला सोबत न्यावे. तेच प्रश्न पुन्हा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, बिलांचा घोळ होणे, या गोष्टी घरच्यांना आधी जाणवतात आणि नुसती नावे विसरण्यापेक्षा त्या अधिक गंभीर असतात. त्या नसतील, तर हीच चाचणी वर्षभराने पुन्हा करावी आणि आताचे गुण जपून ठेवावेत.