तांब्यावर पडलेला उजेड

प्रश्न : निवृत्तीनंतर मला छायाचित्रणाची आवड लागली आहे, परंतु गुडघेदुखीमुळे प्रवास होत नाही आणि हाताशी फक्त मोबाइल आहे. दोन खोल्यांच्या घरात टिपण्यासारखे काय असणार?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या घराजवळच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास जमवायला घेतलेल्या त्या संग्रहात अडकित्ते, दिवे, दौती अशा नित्याच्याच वस्तू आहेत, आणि सुपारी कातरण्याच्या साधनालाही पक्ष्याचा डौल देणाऱ्या अनाम कारागिरांची नजर पाहून मी आजही थबकतो. जमेल तेव्हा एकदा अवश्य जाऊन यावे.

घरी मात्र वस्तूआधी उजेड शोधावा. सकाळी खिडकीतून तिरपा येणारा प्रकाश तांब्यावरच्या ठोक्यांवर किंवा सुपाच्या विणीवर पडला, की समोरच्या उजेडात सपाट भासणारा पोत बारीक सावल्यांमुळे उठून दिसतो. म्हणून फ्लॅश आणि खोलीतला दिवा दोन्ही बंद ठेवावेत. पितळेची चकाकी पांढरीफटक पडत असेल, तर मोबाइलच्या पडद्यावर त्या उजळ भागाला बोट लावून प्रकाश थोडा कमी करावा. झूम टाळून स्वतः जवळ जावे, कारण डिजिटल झूममध्ये चित्र केवळ कापून मोठे केले जाते.

सुरुवात पोळपाटापासून करावी. पोळ्या झाल्यावर त्यावर उरलेले पिठाचे वर्तुळ मला फार सुंदर वाटते, आणि ते रोज वेगळे उमटते.