परतीचं तिकीट आधी काढ

प्रिय पोरा,

काल फोनवर मी चिडलो. तू हौसेने सांगत होतास : चौघं मित्र, दोन मोटारसायकली, जळगावहून थेट मडगाव, फुटबॉलची मॅच बघायची आणि रातोरात परत फिरायचं. मी तुझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, नाही म्हणालो आणि फोन ठेवला. रात्रभर ते मनात राहिलं. हे वेड तुला लावलं कोणी? मीच. भुसावळच्या मैदानावर पहाटे बूट चढवायला लावले मी, मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या आणि तिथल्या रोव्हर्स कपच्या गोष्टी सांगितल्या मी. आता तू निघालास तर नुसतं नाही म्हणून माझी सुटका नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. सावकाश वाच, आणि त्या तिघांनाही वाचून दाखव.

आधी मोटारसायकलचं. २० मार्च २०२२ ला याच मडगावात, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल होती, केरळ ब्लास्टर्स आणि हैदराबाद. कोरोनाची दोन वर्षं रिकाम्या मैदानांवर खेळ झाला होता, त्यामुळे केरळातून पोरांची रीघ लागली. मलप्पुरमचे दोन तरुण मोटारसायकलवर निघाले. कासरगोड जिल्ह्यात उदुमाजवळ अपघात झाला आणि दोघंही गेले. अजून केरळची हद्दही ओलांडली नव्हती. संध्याकाळी मॅच झाली, पेनल्टीपर्यंत गेली, हैदराबाद जिंकलं. ती बातमी वाचली तेव्हा मला तुमचे चेहरे दिसले होते, खोटं सांगत नाही. जळगाव ते मडगाव आठशेच्या वर किलोमीटर आहे. जाताना अंगात जोर असतो. परतताना दोन रात्रींची झोप राहिलेली असते, घसा बसलेला असतो, हरला असाल तर डोकं ठिकाणावर नसतं, आणि पुढे घाट आणि ट्रक. त्या परतीच्या रात्रीची मला भीती वाटते.

भुसावळहून गोवा एक्सप्रेस मिळते. पुणे, मिरज, लोंढा करत ती थेट मडगावला उतरवते. ती सोडून रस्त्याने का जायचं?

तू म्हणालास, "काका, अवे मॅच म्हणजे हालच व्हायचे, त्यातच मजा आहे." यातलं अर्धं मला मान्य आहे. आपल्या खान्देशातल्या प्रेक्षकाला तर प्रत्येक मॅच परगावचीच. पुण्या-मुंबईची पोरं जेवून सातला घरातून निघतात आणि अकराला अंथरुणात असतात. आपल्या मुंबई सिटी संघाचं घरचं मैदान अंधेरीला, म्हणजे भुसावळपासून साडेचारशे किलोमीटरवर. मग कोलकाता काय नि मडगाव काय, डबा बांधायचाच आहे. म्हणूनच प्रवासाची अक्कल आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त हवी. मॅच बघायला जाणं म्हणजे जाणं, बघणं आणि परतणं. पहिल्या दोन गोष्टींची तयारी सगळे करतात.

माझं एक सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. आता तिथली माणसं वेगळी आहेत, आणि दोष एकट्या त्या गावाचा नव्हताच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी आणि रेल्वेच्या शेडमधला माझा जोडीदार, दोघांनी रेल्वेचा पास काढला आणि एका मोठ्या मॅचला गेलो. आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. दारात तिचं नेहमीचं वाक्य : "संभाळीसन जाय रे भाऊ." आमचा संघ एका गोलने जिंकला. आम्ही नाचलो, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडलो. मग सगळा स्टँड एकाच जिन्याकडे वळला. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं, हे आम्हाला खाली उतरायला लागल्यावर कळलं.

मधल्या वळणावर गर्दी थांबली आणि मागून येणारे येतच राहिले. माझे हात छातीशी दुमडलेले होते, ते खाली घेता येईनात. पायाखाली पायरी आहे की कोणाची चप्पल, समजेना. मागचा माणूस मला ढकलत नव्हता, त्याच्याच पाठीवर मागचा भार होता. माझा जोडीदार हाताच्या अंतरावर, तोंड वर करून, मासा पाण्याबाहेर करतो तसं करत होता. आवाज निघत नव्हता. आरडाओरड ऐकू येत होती ती सगळी लांबची. जिथे चेंगरत होतं तिथे शांतता होती. एवढ्यात खालून खणखण झाली. शेंगदाणे विकणाऱ्या एका माणसाने दगडाने ते दुसरं कुलूप फोडलं, गर्दी तिकडे फुटली आणि श्वास आला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. आजही त्याची आठवण आली की हात जोडले जातात.

बाहेर आलो तर जोडीदाराचा एक पाय अनवाणी. गळ्यात आमच्या संघाच्या रंगाचे रुमाल तसेच होते, ते काढायचं सुचलं नाही. बसमध्ये बसलो आणि पुढच्या चौकात दगड आला. काच माझ्या मांडीवरच्या डब्यात पडली. उरलेल्या दोन भाकरी काचेच्या चुऱ्यासकट टाकून द्याव्या लागल्या. शेवटची गाडी गेलेली. फलाटावर आडवे झालो, सकाळी उठलो तर पिशवी नाही. पास तिच्यातच. घरी फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी भुसावळला उतरलो तेव्हा आई जिन्यावर बसलेली होती. काही बोलली नाही. पाणी दिलं आणि आत गेली.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, कारण त्या जिन्यावर नेमकं काय झालं ते मला कळून घ्यायचं होतं. गर्दीतली माणसं बहुतेक वेळा तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतात. इंग्लंडमध्ये शेफिल्डला हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची एफए कपची सेमीफायनल होती. दोन्ही संघांचे प्रेक्षक परगावचे. लिव्हरपूलच्या बाजूला उभ्याने बघणाऱ्या दहा हजारांवर लोकांसाठी आत जायच्या फिरत्या फाटकांची संख्या होती सात. बाहेर गर्दी कोंडली म्हणून पोलिसांनी मोठं दार उघडलं. लोंढा बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत शिरला, आणि पुढे लोखंडी जाळी. मॅच सहा मिनिटांत थांबवावी लागली. ९७ माणसं गेली, त्यातला शेवटचा माणूस ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच दिवसाच्या इजेने.

आणि दोष कोणावर आला? प्रेक्षकांवर. दारू पिऊन आले, उशिरा आले, घुसले. घरच्यांनी २७ वर्षं झगडून २०१६ मध्ये ज्यूरीकडून वदवून घेतलं की ही माणसं बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नव्हता. त्यानंतरही २८ मे २०२२ ला पॅरिसला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला तेच घडलं. पुन्हा लिव्हरपूलचेच लोक, तिकिटं हातात, फाटकाशी कोंडलेले, अंगावर अश्रुधूर, आणि पुन्हा तोच आरोप की हे उशिरा आले, यांची तिकिटं खोटी. पुढच्या फेब्रुवारीत स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी यूएफाची, म्हणजे आयोजकांचीच, असं लिहून दिलं. परगावच्या प्रेक्षकावर खापर फोडणं सोपं असतं रे. तो दुसऱ्या दिवशी तिथे नसतो, त्याची बाजू मांडायला ओळखीचं कोणी नसतं. म्हणून तुला माझं निक्षून सांगणं आहे : तिकीट फेकू नकोस, फाटकाचा नंबर आणि वेळ लिहून ठेव, दाराला कुलूप दिसलं तर फोटो काढ आणि तिथल्या तिथे पोलिसाला दाखव. ऐकत नसेल तर परत आल्यावर लेखी तक्रार कर. आम्ही तेव्हा केली नाही. मला ते आजही सलतं.

आपल्या देशातही हे झालंय. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच होती. दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये बसवलेले. मैदानावर रेड कार्ड निघालं, वर हाणामारी पेटली, पळापळ झाली आणि १६ प्रेक्षक गेले. बंगालमध्ये त्या तारखेला दरवर्षी रक्तदान करतात. इंडोनेशियात मलांगला १ ऑक्टोबर २०२२ ला तर परगावचे प्रेक्षक येऊच दिले नव्हते, तरी १३५ जण गेले. पोलिसांनी स्टँडवर अश्रुधूर सोडला आणि लोक अरुंद दारांशी चेंगरले. म्हणजे दर वेळी समोरच्या संघाचे लोक वाईट असतात असंही नाही. बाहेर पडायची वाट कशी आहे, यावर सगळं येऊन ठेपतं.

तेव्हा आत गेल्यावर मैदानाकडे बघायच्या आधी मागे वळून बघ. दारं किती, उघडी किती, जिना कुठे वळतो. चौघांनी मिळून बघा. बाहेरची एक खूण ठरवा, चहाची टपरी म्हणा, खांब म्हणा, चुकामूक झाली तर तिथे. फोनवर विसंबू नका, तीस-चाळीस हजार लोक एका वेळी फोन लावतात तेव्हा लागत नाही. शिट्टी वाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं जागेवर बसा. जिंकलात तर जास्तच बसा. आणि कोंडलातच कुठे, तर दोन्ही हात छातीसमोर धर, मुठी वर, फासळ्यांसमोर जागा राहील अशा. लोंढ्याच्या उलट जोर लावू नकोस, लाट थांबली की तिरपा तिरपा कडेला सरक. मोबाईल पडला, बूट निघाला, तरी वाकायचं नाही.

अंगातला जर्सीचा रंग आत दाखव, रस्त्यावर नाही. साधा शर्ट वर घाल. यात कमीपणा नाही. तिथल्या माणसांशी बोल, त्यांच्या संघाचं चांगलं असेल ते मोकळेपणाने मान्य कर. कुलूप फोडणारा तो शेंगदाणेवाला समोरच्याच संघाचा असणार, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

तिकिटांचं माझ्याकडून ऐक, रेल्वेत माझी ३४ वर्षं गेली. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परतीचं आधी काढ, जाण्याचं मग. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं, त्याच्या भरवशावर घर सोडायचं नाही. मॅच साडेसातची असेल तर रात्रीची गाडी धरायचा हट्ट नको. मॅचची वेळ बदलते, पेनल्टी लागतात, रिक्षा मिळत नाही. सकाळची गाडी घे आणि रात्रीची खोली आधी ठरव, चौघांत फार जात नाही. स्टेडियममध्ये पाण्याची बाटली, पॉवर बँक, सुटे पैसे, पाठपिशवी यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि फाटकावर ठेवून घ्यायला कोणी नसतं. लोक पिशव्या झाडाखाली टाकून आत जातात. स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा, पण पिशवीला कुलूप नसेल तर घेत नाहीत, आणि गाडीचं तिकीट दाखवावं लागतं.

तुझी बहीण यायचं म्हणते, ते ऐकून मला फार बरं वाटलं. तिला न्या. मात्र पोरींसाठी स्वच्छ, दिवा असलेलं स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी तिथल्या कोणाला विचारून घे. मी कितीतरी बायका दुपारपासून पाणी न पिता नव्वद मिनिटं बसलेल्या पाहिल्या आहेत. त्यांच्या त्रासाबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्या पुन्हा येतच नाहीत.

एवढं वाचून जाऊच नये असं वाटलं तर माझं पत्र चुकलं. ४ मे २०२४ ची आयएसएलची फायनल आठव. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ६२ हजार माणसं, जवळपास सगळी मोहन बागानची. पहिला गोलही त्यांचा. आणि मुंबई सिटीने ३-१ ने सामना फिरवला. मी घरी टीव्हीसमोर होतो. शेवटचा गोल झाला तेव्हा कॅमेरा क्षणभर गप्प झालेल्या स्टँडवरून फिरला, आणि मला वाटलं, या एवढ्या शांततेत आपल्या चार जणांचा आवाज कसा घुमला असता! तो आवाज टीव्हीवर ऐकू येत नाही. त्याच्यासाठीच जायचं असतं.

शनिवारी सकाळी घरी ये, गाडीचे नंबर घेऊन. माझ्या ट्रंकेत एक जुनी साखळी आणि पितळी कुलूप आहे, त्या प्रवासानंतर पहिल्या पगारात घेतलेलं. किल्ली जरा उलटी फिरते, दाखवून देतो. भाकरी तुझ्या काकू करून देतील. डबा झाकणाचा आण.

तुझा,
काका