क्लिम्टच्या 'द किस'चा प्रिंट घ्यायचाय, काय बघून घेऊ? आणि हा क्लिम्ट नक्की कोण?

सगळ्यात आधी आकार बघा. मूळ चित्र चौकोनी आहे, १८० बाय १८० सेंटीमीटर, व्हिएन्नाच्या बेल्व्हेडिअर म्युझियममध्ये. बाजारात जे उभे पोस्टर मिळतात ते बहुतेक दोन्ही बाजूंनी कापलेले असतात, घेऊ नका, उगाच चित्राची वाट लागते.

दुसरं म्हणजे सोनं. त्याने खरा सोन्याचा वर्ख लावलाय, त्यामुळे साध्या प्रिंटमध्ये ते हळदीसारखं पिवळं नाहीतर मातकट दिसतं. मेटॅलिक शाईवाला मिळाला तर बरा, पण मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर जी चमक हलते ती कशातच येत नाही हे धरून चाला. मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइटच दिसते फक्त.

गुस्ताव क्लिम्ट, ऑस्ट्रियाचा चित्रकार, जन्म १८६२, बाप सोन्यावर नक्षीकाम करणारा, म्हणजे वर्खाचं वेड घरातूनच आलं म्हणायचं. सुरुवातीला भाऊ आणि एका मित्राबरोबर थिएटरची छतं रंगवायचा, एकदम सरकारमान्य काम. १८९७ मध्ये कलाकारांच्या जुन्या संघटनेतून बाहेर पडून 'सेसेशन' हे कलाकारांचं नवं मंडळ काढलं, पहिला अध्यक्ष हाच. मग व्हिएन्ना युनिव्हर्सिटीसाठी काढलेल्या चित्रांवर अश्लील म्हणून एवढी बोंबाबोंब झाली की पठ्ठ्याने पैसे परत करून चित्रं स्वतःकडे घेतली, पुढे १९४५ मध्ये ती आगीत गेली. १९१८ ला वारला, त्यामुळे कॉपीराइट कधीच संपलाय आणि कोणीही छापतो, म्हणूनच क्वालिटी बघून घ्या.