पापणी संध्याकाळीच का पडते?

प्रश्न : सासूबाई 58 वर्षांच्या. सकाळी ठणठणीत असतात, पण कापूस वेचून आल्या की डावी पापणी डोळ्यावर उतरते, एकाचे दोन दिसतात. हल्ली अर्धी भाकरी खाल्ली की जबडा थकतो, मग हनुवटीखाली हात धरून चावतात. चष्मा दोनदा बदलला, मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. लोक म्हणतात लकवा असेल. – एक वाचक, मानवत

उत्तर : ताई, लकवा असा सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत नाही. शिवाय तोंडाच्या लकव्यात डोळा मिटत नाही, इथे तर उघडत नाही. वापरल्यावर थकणारा आणि विसाव्यानंतर सावरणारा स्नायू, त्यातही पापणी आणि जबडा, ही मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजाराची मोठी खूण. हनुवटीला हात लावून चावणे तर फार बोलके लक्षण आहे. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

नस आणि स्नायू यांच्या जोडावर ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन निरोप पोचवते. या आजारात शरीराचीच प्रतिद्रव्ये तो निरोप घेणाऱ्या जागा अडवतात आणि नष्ट करतात. सुरुवातीला काम भागते; सारखा वापर झाला की दर निरोपामागे सुटणारे रसायन कमी होते आणि पापणी हार मानते. म्हणूनच सकाळी दहा वाजता तपासलेला पेशंट नॉर्मल वाटतो. पापणी पडलेली असताना मोबाइलवर फोटो काढा, शेजारी सकाळचा फोटो ठेवा.

घरी एक करून बघता येते. मान न हलवता एक मिनिट वर बघायला सांगा. पापणी हळूहळू उतरते का पाहा. मग रुमालात बर्फ गुंडाळून मिटलेल्या डोळ्यावर 2 मिनिटे ठेवा. पापणी 2 मिलिमीटर किंवा जास्त उचलली, तर संशय बळावतो. उचलली नाही म्हणून आजार नाही, असे मात्र समजू नका.

आता संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला न्यूरॉलॉजिस्टला (मेंदू-नसांच्या डॉक्टरांना) दाखवा. रक्तातली ॲसिटिलकोलिन रिसेप्टर ॲन्टिबॉडी, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा अडवणारे ते प्रतिद्रव्य, तपासतात. आजार अंगभर असेल तर 100 पैकी सुमारे 85 जणांत ती सापडते, फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत. ती नसेल तर मस्क नावाची दुसरी ॲन्टिबॉडी बघतात. नसेला सेकंदाला 3 वेळा विजेचा हलका धक्का देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजतात. तो 10 टक्क्यांहून जास्त घसरला तर दोष जोडावर आहे. छातीचा सीटी स्कॅन टाळू नका, कारण दहापैकी एकाला छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ असते आणि ती काढावीच लागते.

औषधांत पायरिडोस्टिग्मिन पहिले. साधारण 30 ते 60 मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. असर अर्ध्या तासात सुरू होऊन तीन-चार तास टिकतो, म्हणून जेवणाआधी अर्धा तास घ्यावे म्हणजे घास गिळता येतो. पोटात मुरडा, जुलाब, लाळ वाढली तर मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्या. ही गोळी लक्षणे दाबते, मूळ आजार दाबायला प्रतिकारशक्ती आवरणारी स्टेरॉइड आणि ॲझाथायोप्रिन लागतात. स्टेरॉइड एकदम मोठ्या मात्रेत दिले तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत अशक्तपणा वाढू शकतो, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. ॲझाथायोप्रिनचा गुण यायला सहा महिने ते वर्ष लागते. इथेच लोक कंटाळून गोळ्या सोडतात आणि पुन्हा आडवे होतात.

गावातल्या दवाखान्यात ताप-खोकल्याला जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा ॲझिथ्रोमायसिन अशी ॲन्टिबायोटिक्स पटकन दिली जातात. या आजारात ती श्वासावर बेतू शकतात. आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी पदराला बांधून द्या म्हटले तरी चालेल! मे महिन्यातल्या उन्हानेही त्रास वाढतो, वेचणी-खुरपणी सकाळीच उरकावी. आणि एका श्वासात मोजायला सांगत जा. 20 पर्यंत जाणारी व्यक्ती 15 च्या आत थांबू लागली, आवाज गेंगाणा झाला किंवा पाणी नाकातून आले, तर रात्र न काढता व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्या. तिथे इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये) देऊन किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलून जीव सावरतो.

एक वेगळी गोष्ट : जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या एका रात्रीत पडल्या, पोटात दुखले, तर दंशाची खूण दिसो न दिसो, मण्यार चावली असे धरूनच धावा.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. सारखा पडतो, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या. लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी 240 निघाले म्हणून सहा महिने लिव्हरचे औषध चालू आहे. – एक वाचक, केज

उत्तर : भाऊ, त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगा. गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठला, तर आधी रक्तातले सीपीके (स्नायू झिजले की वाढणारे द्रव्य) तपासा. एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंतूनही येतात. सीपीके हजारोंच्या घरात आणि जीजीटी (लिव्हरची दुसरी तपासणी) नॉर्मल असेल, तर दोष लिव्हरचा नव्हे, स्नायूंचा. मग डुशेन डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी डिस्ट्रॉफिन जीनची एमएलपीए चाचणी (जीनचा तुकडा गळला वा वाढला का ते बघणारी) करा. तीत दोष सापडला नाही तर पुढे जीन सिक्वेन्सिंग. आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही, पण प्रेडनिसोलोन (किलोमागे रोज 0.75 मिलिग्रॅम) किंवा डिफ्लाझाकॉर्ट (0.9) चालणे काही वर्षे लांबवते. घोट्यांना रोज ताण देणारा व्यायाम द्या, हृदयाचा इको दरवर्षी काढा. जोर-बैठका नकोत. ऑपरेशन निघाले तर भूल देणाऱ्याला आजार आधी सांगा. सक्सिनिलकोलिन हे भुलीतले औषध या मुलांना घातक ठरते. आईची वाहक-चाचणी (तिच्या जीनमध्ये हा दोष आहे का ते बघणारी) पुढच्या बाळंतपणाआधीच करा, दोष तिच्यात असो वा नसो, बोल तिला लावू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार दिव्यांगत्वात मोडतो, प्रमाणपत्र काढून ठेवा.

प्रश्न : कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या दुखतात. बंद करू का? – एक वाचक, औसा

उत्तर : परस्पर नको. सीपीके, थायरॉइड, ड जीवनसत्त्व बघा. सीपीके सामान्य मर्यादेच्या दहापटीवर गेले किंवा लघवी काळसर झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.