त्या नऊ अनोळखी श्रोत्यांपासून सुरुवात करा

आपल्या बँडला जिवाभावाचे श्रोते कसे मिळतील, या तुमच्या प्रश्नात दोन आकडे आहेत: तुमचा व्हिडिओ वीस हजार वेळा पाहिला गेला आणि कोल्हापुरात राजारामपुरीतील कार्यक्रमाला ३४ जण आले, त्यांपैकी नऊ जण तुमच्या कोणाच्याच ओळखीचे नव्हते. दुसऱ्या आकड्याने तुम्ही खचलेले दिसता. गेली अकरा वर्षे आमच्या बँडच्या श्रोत्यांची बाजू मी सांभाळतो आहे, आणि माझ्या मते तुमचे आजचे खरे भांडवल ते नऊ जण आहेत.

जिवाभावाचा पाठिंबा म्हणजे काय, हे कोल्हापूरला शिकवावे लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या संघाचा फुटबॉल सामना असला की पेठेतील माणसे कामे आटोपून गॅलरीत येऊन बसतात, कारण मैदानावरचा मुलगा त्यांनी गल्लीत चेंडू मारताना पाहिलेला असतो आणि संघाच्या उभारणीत कोणाची वर्गणी, कोणाची धावपळ लागलेली असते. संघ हरला तरी पुढच्या सामन्याला तीच माणसे येतात. तुमच्या गाण्यांच्या घडणीत श्रोत्याचा असा हात लागेल, अशी सोय तुम्हाला करावी लागेल.

त्यासाठी सर्वांत आधी नावांची यादी हवी, आणि ती तुमच्या स्वतःच्या ताब्यात हवी. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७१ मध्ये एका अल्बमच्या वेष्टनावरच श्रोत्यांना नाव-पत्ता कळवण्याचे आवाहन छापले होते. इंटरनेट आल्यावर मरिलियन या ब्रिटिश बँडचे चाहते असेच एका ईमेल यादीवर एकत्र आले, १९९७ मध्ये बँडच्या अमेरिका दौऱ्यासाठी त्यांनी सुमारे ६०,००० डॉलर आपणहून जमवले आणि २००१ च्या अल्बमसाठी तर १२,००० हून अधिक जणांनी ध्वनिमुद्रणापूर्वीच पैसे भरले. आमचे समाजमाध्यमावरील पान एकदा अचानक बंद झाले आणि चार वर्षांत जोडलेली माणसे एका रात्रीत हातची गेली. जी चाळीसेक परत सापडली, ती आमच्या तबलजीने वहीत क्रमांक लिहून ठेवले होते म्हणूनच.

दाराशी वही ठेवा, नाव आणि क्रमांक विचारून घ्या आणि तुमचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे साठवायला सांगा, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतील निरोप ज्यांनी तुमचा क्रमांक साठवला आहे त्यांनाच पोहोचतो. महिन्याला दोन निरोप पुरेत. रोज जाहिरात पाठवणाऱ्याला लोक मुकाट्याने बंद करतात.

कार्यक्रमाची जागा आणि वार ठरवून टाका. १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था असलेल्या या गावाला गाणे ऐकायला ठरावीक ठिकाणी जमण्याची सवय आहे. दर महिन्याचा दुसरा शनिवार, तीच खोली, तीच वेळ, एवढे वर्षभर पाळले तर लोक तो दिवस स्वतःहून मोकळा ठेवू लागतात. पाऊस असो वा समोर सातच माणसे असोत, कार्यक्रम रद्द करू नका. जे भिजत आले, त्यांनाच पुढे सर्वांत जास्त आठवण राहते.

गाण्याच्या तालमीलाही अधूनमधून पाच-सहा जणांना बोलवा आणि अपुरे गाणे ऐकवा. एकदा मंगळवार पेठेतील एका काकांनी आमच्या कडव्यातील एक शब्द कानाला खटकतो असे सांगितले. आम्ही तो बदलला आणि पुढच्या कार्यक्रमात ते गाणे त्यांचे नाव घेऊन सादर केले. त्यानंतर ते दर वेळी कोणाला तरी बरोबर घेऊन येतात. पैशांची मागणी मात्र पहिल्या वर्षी करू नका. तिकीट जरूर लावा, पण देणगी मागण्याइतके नाते जुळायला वेळ लागतो.

आता त्या नऊ जणांपैकी किती जणांचे क्रमांक तुमच्याकडे आहेत, ते पाहा. एकाचाही नसेल, तर त्या संध्याकाळचे फोटो समोर घेऊन बसा, आलेल्या २५ ओळखीच्यांना ते दाखवा आणि कोण कोणाबरोबर आले होते ते विचारा. कोल्हापुरात एवढ्या चौकशीवर निम्मे तरी सापडतील. त्यांना फोन तुमच्या गायकाने स्वतः करावा.