जपानमधील विद्यापीठात प्रथम वर्षाचे विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला गप्प का बसतात?

सहा-सात वर्षे शाळेत इंग्रजी शिकूनही ही मुले वर्गात बोलत का नाहीत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे बरेचसे उत्तर प्रवेशपरीक्षेत आहे: जानेवारी २०२१ पासून घेतल्या जाणाऱ्या सामायिक परीक्षेत इंग्रजी वाचनाला १०० आणि श्रवणाला १०० गुण असतात, बोलण्याची चाचणी मात्र नसते, त्यामुळे एप्रिलमध्ये दाखल झालेला विद्यार्थी अवघड उतारा उलगडतो, पण 'सुट्टीत काय केले?' या साध्या प्रश्नावर आधी शेजाऱ्याकडे पाहतो. ही टाळाटाळ नव्हे. चारचौघांत चुकण्याआधी उत्तर पडताळून घेणे त्याला रास्त वाटते. म्हणून एकट्याला उभे न करता दोन मिनिटे जोडीने बोलू द्यावे आणि मगच विचारावे.

उच्चारात काताकाना लिपीची, म्हणजे परकीय शब्द लिहिण्याच्या जपानी लिपीची, सवय आडवी येते; तिच्यात जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वर जोडलेला असतो. 'मिल्क'चे 'मिरुकु' होते आणि एका दमात संपणारा 'स्ट्राइक' 'सु-तो-रा-इ-कु' असा पाच मात्रांचा होतो (आपल्याकडेही स्टेशनचे ठेसन झालेच होते). दोन्ही उच्चार ऐकवून टाळीवर मात्रा मोजायला लावाव्यात. नियम समजावण्यात नव्वद मिनिटांचा तास घालवू नये.