तपकीर गल्लीत जाण्याआधी

पुणे, बुधवार रात्र

अनेक आशीर्वाद.

स्वतःच्या सर्व्हरवर ब्लॉग चालवायच्या आराखड्याची तू पाठवलेली फाइल वाचली. चौदा पानं! साइट बनवायला ह्यूगो हे सॉफ्टवेअर घ्यावं की जेकिल, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पुरेल की भाड्याचा सर्व्हर लागेल, बॅकअप कुठे ठेवायचा. तक्ते सुरेख केलेस. शेवटच्या पानावर ‘लेखांचे विषय’ असं शीर्षक आहे आणि खाली कोरी जागा. फाइलवरची तारीख गेल्या दिवाळीची.

चिडू नकोस, मीही हेच केलंय. सदाशिव पेठेतल्या घरी टेबलाखालच्या जुन्या डेस्कटॉपवर माझा ब्लॉग चालायचा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की इन्व्हर्टर दम धरेल तेवढा वेळ तो जागा, मग झोपला. साइटशी जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट, फुकट मिळायचं, पण ९० दिवसांचं. ते आपोआप नवं करणारी माझी स्क्रिप्ट एकदा गुपचूप बंद पडली. कळलं कसं, तर मावसभावाचा फोन: ‘अरे, तुझी साइट उघडू नका म्हणतंय.’ दोन वर्षांत लेख झाले तीन. पहिला, हा ब्लॉग मी कसा उभारला. दुसरा, तो नव्या सॉफ्टवेअरवर कसा हलवला. तिसरा आईच्या पुरणयंत्रावर. अजून कुणी विचारलंच तर त्या पुरणयंत्राबद्दल विचारतं.

तुझ्या आराखड्यात एक अडचण आलेलीच नाही. इंटरनेटवर जोडणी ज्या आकड्यांनी ओळखली जाते ते जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच, ते कधीच पुरेनासे झाले. म्हणून बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. अख्ख्या वाड्याला एक पत्ता आणि बिऱ्हाड कुठलं ते पोस्टमनला ठाऊक नाही, तसं. मग तू राउटरवर कितीही पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, उघड, बाहेरचा माणूस तुझ्या खोलीपर्यंत पोचत नाही. स्वतंत्र पत्ता हवा तर बहुधा वेगळे पैसे. नाहीतर आणखी एक जुगाड, म्हणजे फाइलचं पंधरावं पान.

‘दुसऱ्याच्या जागेवर लिहिलं आणि त्यांनी दुकान बंद केलं तर?’ हा तुझा प्रश्न मात्र खरा आहे. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं तेव्हा लोकांची कितीतरी पानं गेली. पण त्यावरचा उपाय टेबलाखालचा डबा नव्हे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या नावावर घे आणि प्रत्येक लेखाची साधी टेक्स्ट फाइल आपल्या फोल्डरमध्ये ठेव. एवढं हातात असलं की बाकी सगळं भाड्याचं चालतं. ब्लॉगर या गूगलच्या फुकट ब्लॉगसेवेवर खातं उघड. डोमेन जोडायला ते पैसे घेत नाहीत, डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून साइट शोधून देणाऱ्या नोंदवहीत, दोन-चार नोंदी कराव्या लागतात. पुढे बिऱ्हाड हलवलंस तरी पाटीवरचा पत्ता तोच राहील. (जुन्या लेखांचे दुवे तेवढे तेव्हा नीट वळव.)

आणि युनिकोडमध्येच लिही, म्हणजे मराठी अक्षरं कुठल्याही संगणकावर मराठीच दिसतील. तुझ्या पिढीला हे सांगायला नको, पण माझं १९९९ सालचं लिखाण एका जुन्या फॉन्टमध्ये आहे. फ्लॉपीतून सीडीवर, सीडीतून पेन ड्राइव्हवर, सगळं जपलं; आज उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. हार्ड डिस्क मेल्याचं दुःख होतं तेवढंच याचंही झालं.

विषय सुचत नाही म्हणालीस. परवा टपरीवर हिंजवडीच्या बसमधल्या त्या कंडक्टरची गोष्ट कुणी सांगितली? सुट्टे नाहीत म्हणून तुझे दोन रुपये राहिले होते, आणि तू विसरून उतरलीस तेव्हा त्याने खिडकीतून हाक मारून ते हातावर ठेवले. मागची बस हॉर्न वाजवतेय, आत लोक ओरडतायत, आणि हा बाबा शांत. चहा निवला तरी आम्ही ऐकत होतो. तीच लिही, सांगितलीस तशीच. ‘प्रस्तावना’ आणि ‘माझ्याविषयी’ नंतर बघू.

सर्व्हर चालवायला शिकूच नकोस असं मी म्हणत नाही. त्यात मजा आहे, आणि नोकरीतही कामाला येतं. वीस लेख झाले की हाक मार, आपण दोघं इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊ, रास्पबेरी पायसाठी केबल आणि पंखा घेऊ. घासाघीस मी करेन.

उद्या गुरुवार. वीज जायच्या आत कंडक्टर पाठव.

तुझा,
काका